रॉक गिटारला रिव्हर्ब: रेकॉर्डिंगमध्ये किती, मिक्समध्ये किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांचा रॉक बँड, दोन गिटार आणि त्यांतली एक बहुतेक वेळ डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या, खरखरीत आवाजावर. काही ट्रॅक घरच्या खोलीत अ‍ॅम्पसमोर माइक लावून घेतलेले आहेत, तर काही थेट संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घेऊन अ‍ॅम्प सिम्युलेटरवर (अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) तयार केलेले आहेत. रिव्हर्ब (जागेत आवाज घुमून मागे रेंगाळतो तो घुमारा) नसला की गिटार स्पीकरच्या जाळीला चिकटल्यासारखी वाटते, आणि रिव्हर्ब घातला की रिफची (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याची) धार जाऊन ती ड्रमच्याही मागे जाऊन उभी राहते. तेव्हा रिव्हर्ब रेकॉर्ड करतानाच घ्यावा की नंतर मिक्समध्ये द्यावा, कोणत्या प्रकारचा द्यावा आणि किती द्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती नीट समजली की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात. डिस्टॉर्शनवरची गिटार वाजत असते तोपर्यंत तिचा रिव्हर्ब जवळजवळ ऐकूच येत नाही. तो ऐकू येतो ती थांबते तेव्हा. म्हणून रॉक गिटारच्या रिव्हर्बचे सगळे निर्णय गिटार जिथे थांबते त्या जागांवर कान ठेवून घ्यावेत, जिथे ती जोरात वाजते आहे तिथे नव्हे.

असे का होते ते पाहू. क्लीन गिटारचा स्वर छेडल्याबरोबर उंच जातो आणि लगेच उतरू लागतो, त्यामुळे त्याच्या उताराखाली रिव्हर्बला जागा मिळते आणि थोडासा रिव्हर्बही कानाला कळतो. डिस्टॉर्शनमध्ये लहरींचे माथे कापले जातात. तार मंदावत असली तरी बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी बराच वेळ तशीच राहते. त्यातच प्रत्येक स्वराचे अनेक उपस्वर तयार होतात, आणि एकाहून जास्त स्वर एकदम वाजत असतील तर त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही त्यात मिसळतात. साधारण १०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा असा गच्च भरून जातो. त्याच्या वर गिटारचा १२ इंची स्पीकर स्वतःच झपाट्याने उतरतो. अशा आवाजाच्या १५ डेसिबल खाली ठेवलेला त्याचाच रिव्हर्ब मूळ आवाजाखाली पूर्ण झाकला जातो. तो ऐकू येत नाही म्हणून आपण फेडर वर सरकवतो, आणि जेव्हा तो अखेर ऐकू येतो तेव्हा त्याचे प्रमाण इतके झालेले असते की पाम-म्यूटच्या (तळहाताने दाबून वाजवलेल्या तुटक स्वरांच्या) मधल्या सगळ्या फटी भरून गेलेल्या असतात. रिफची धार ज्या शांततेमुळे जाणवते ती शांतताच नाहीशी होते. शिवाय थेट आवाज आणि घुमारा यांच्या प्रमाणावरून कान बऱ्याच अंशी अंतर ठरवत असल्यामुळे गिटार मागे गेल्याचाही भास होतो. तुमच्या ट्रॅकमध्ये नेमके हेच घडते आहे.

आकड्यांत सांगायचे तर १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० बीटच्या) गाण्यात एक बीट ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे रिफमधला अर्ध्या बीटचा विराम २५० मिलिसेकंदांचा. रिव्हर्बचा डीके हा आवाज ६० डेसिबलने खाली येण्यास लागणारा वेळ म्हणून मोजतात. दोन सेकंदांच्या डीकेचा रिव्हर्ब त्या विरामात फक्त साडेसात डेसिबल उतरतो, तर ०.६ सेकंदाचा रिव्हर्ब तेवढ्याच वेळात २५ डेसिबल उतरतो. दोन्ही रिव्हर्ब गिटारच्या १५ डेसिबल खाली ठेवले असतील, तर विराम संपताना पहिला साडेबावीस डेसिबल खाली असेल आणि दुसरा चाळीस. गिटार वाजत असताना या दोहोंतला फरक क्वचितच कळतो, पण विरामात तो ढळढळीत ऐकू येतो. तेव्हा पहिले काम असे करा: गाण्यातल्या सगळ्यात तुटक रिफचे दोन बार लूपवर लावा, संपूर्ण बँड चालू ठेवा, आणि रिव्हर्बचा डीके व पातळी त्या विरामांकडे लक्ष देऊन ठरवा. सोलो बटण दाबून एकट्या गिटारवर ठरवलेला रिव्हर्ब बहुधा मिक्समध्ये टिकत नाही.

आता रेकॉर्डिंगच्या वेळचा निर्णय. माझे मत स्पष्ट आहे: वादकाची बोटे ज्या रिव्हर्बला प्रतिसाद देत असतात तो रिव्हर्ब रेकॉर्ड करावा, आणि जो केवळ सजावट म्हणून लावलेला असतो तो मिक्ससाठी राखून ठेवावा. स्प्रिंग रिव्हर्ब हे याचे चांगले उदाहरण. फेंडरने १९६१ मध्ये स्प्रिंग रिव्हर्बचा वेगळा डबा बाजारात आणला आणि १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्बच्या रूपाने रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या आतच बसवला. कॅलिफोर्नियाच्या सर्फ संगीतात त्या डब्याचा आवाज वादनाचाच भाग झाला. तार हाताने दाबून पिकने जोरात छेडली की स्प्रिंगमधून जो थेंब आपटल्यासारखा ध्वनी येतो तो पिकच्या जोरावर अवलंबून असतो, आणि वादक तो ऐकत ऐकतच जोर कमी-जास्त करत असतो. हा रिव्हर्ब काढून टाकून नंतर प्लगइनमधून (संगणकावरच्या इफेक्टमधून) घातला, तर वादन आणि घुमारा यांचा सांधा जुळत नाही. तुमची दुसरी, क्लीन गिटार अशा रीतीने वाजवली जात असेल तर अ‍ॅम्पचा रिव्हर्ब निःसंकोच चालू ठेवून रेकॉर्ड करा. मात्र नॉब नेहमीपेक्षा थोडा खाली ठेवा, कारण खोलीत उभे राहून ऐकताना कमी वाटणारा स्प्रिंग रिव्हर्ब जवळच्या माइकमधून जास्त वाटतो.

डिस्टॉर्शनच्या बाबतीत साखळीतला क्रम निर्णायक ठरतो. रिव्हर्बचा पेडल डिस्टॉर्शनच्या आधी असेल तर रिव्हर्बसुद्धा कापला जातो. त्याची मंद टेल (मागे रेंगाळणारी शेपटी) वर उचलली जाऊन गिटारच्याच पातळीवर येते आणि मागचा कॉर्ड पुढच्या कॉर्डमध्ये मिसळून एक सलग, दाट पडदा तयार होतो. हा दोष नव्हे, तो एक वेगळा आवाज आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या केव्हिन शील्ड्सने यामाहा एसपीएक्स ९० या यंत्रातला उलटा रिव्हर्ब वापरून १९९१ च्या ‘लव्हलेस’ अल्बमचा आवाज घडवला, आणि शूगेझ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा हा एक आधार ठरला. तुम्हाला हा आवाज हवा असेल तर तो रेकॉर्ड करतानाच घ्या. डिस्टॉर्शन झालेल्या ट्रॅकवर नंतर रिव्हर्ब घालून तो कधीच मिळत नाही, कारण क्रमच उलटा होतो. तो नको असेल तर पेडल बंद ठेवा किंवा अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये जोडा. लूपमुळे रिव्हर्ब प्रीअ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शननंतर येतो. पण अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण वाढवून पॉवर अ‍ॅम्पच डिस्टॉर्ट होऊ दिला असेल तर लूपमधला रिव्हर्बही थोडा कापला जाणारच, हे लक्षात असू द्या.

काहीही ठरवले तरी सोबत गिटारचा थेट, कोरा (कोणताही इफेक्ट नसलेला) ट्रॅक डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटार सरळ रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डब्यातून, घेऊन ठेवा. त्याला खर्च काहीच नाही आणि पुढे तो ट्रॅक पुन्हा अ‍ॅम्पमधून किंवा सिम्युलेटरमधून काढता येतो.

हेडफोनमधल्या रिव्हर्बविषयी लोक फारसे बोलत नाहीत, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. हेडफोनमधला आवाज पूर्ण कोरा असला की वादक आखडतो आणि लांब स्वर घाईने सोडून देतो. हेडफोनमध्ये भरपूर रिव्हर्ब असला की उलट होते: कॉर्डच्या शेवटी तारा नीट बंद करण्याकडे हाताचे दुर्लक्ष होते, कारण तिथली खरखर आणि सुटलेली तार घुमाऱ्यात लपून जाते. नंतर कोरा ट्रॅक ऐकला की त्या सगळ्या कडा फाटक्या निघतात. आपण रिव्हर्बचा निर्णय गिटार थांबते तिथे घेणार असू, तर ती थांबते कशी याला सगळ्यात जास्त किंमत आहे. डावी-उजवीकडे दोनदा वाजवलेल्या रिदम गिटार एकाच क्षणी बंद झाल्या नाहीत, तर रिव्हर्ब ती तफावत ताणून मोठी करून दाखवतो. म्हणून हेडफोनमध्ये अर्ध्या सेकंदाचा छोटा रूम रिव्हर्ब द्यावा, तो रेकॉर्ड करू नये, आणि टेक ऐकताना तो बंद करून कॉर्डचे शेवट तपासावेत. हे शेवट स्वच्छ असतील तर मिक्समध्ये रिव्हर्बचे अर्धे काम आधीच झालेले असते.

घरच्या खोलीबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण तुमच्या अडचणीचा एक भाग तिथेच आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या खोल्या म्हणजे वर काँक्रीटचा स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स आणि चारही बाजूंना सिमेंटचा गिलावा. अशा रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून एकच टाळी वाजवा. समोरासमोरच्या भिंतींमधून आवाज उलटसुलट धावून टर्र असा जो नाद येतो तो गिटारच्या ट्रॅकमध्येही येत असतो. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर रुंदीच्या खोलीत भिंतीवरून आणि जमिनीवरून परतणारे पहिले आवाज माइकपर्यंत अगदी थोड्या मिलिसेकंदांत पोचतात. परतलेला आवाज थेट आवाजाच्या २ मिलिसेकंद मागून आला तर २५०, ७५०, १२५० हर्ट्झ अशा ठिकाणी खाचा पडतात, म्हणजे तेवढी कंपने दबतात, आणि गिटार खोक्यात ठेवल्यासारखी वाटू लागते. यावर मिक्समध्ये रिव्हर्ब घातला की तो खोक्याचाही रिव्हर्ब असतो.

उपाय साधा आहे. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) कोपऱ्यातून बाहेर काढा आणि खुर्चीवर किंवा पेटीवर ठेवून जमिनीपासून वर उचला. खाली चार पदरी गोधडी टाका, मागच्या आणि बाजूच्या भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या लावा, आणि एसएम ५७ सारखा माइक जाळीपासून इंच-दोन इंचांवर ठेवा. अशा खोलीत दूरचा रूम माइक लावू नका. मोठ्या, उंच छताच्या जागेत दोन-तीन मीटरवरचा माइक गिटारला फार सुंदर खोलपणा देतो, आणि त्यात मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंदांचा जो उशीर येतो तो संगणकावर सरकवून जुळवू नये, कारण तो उशीर हेच अंतर असते. पण दहा बाय बाराच्या खोलीत त्या माइकला सांगण्यासारखे काही नसते.

त्याऐवजी इमारतीचा जिना वापरा. ही सूचना मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे. कृत्रिम रिव्हर्बची यंत्रे येण्याआधी स्टुडिओ हेच करत असत. शिकागोमध्ये बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या गटाच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओच्या स्वच्छतागृहात स्पीकर आणि माइक ठेवून घुमारा मिळवला होता, आणि हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओने आपल्या इमारतीखाली जमिनीत खास इको चेंबर (घुमाऱ्यासाठीच्या खोल्या) बांधून घेतले. तुमचा जिना हे तयार चेंबर आहे: कठीण पृष्ठभाग, उंची, आणि वळणे असल्यामुळे समोरासमोर सलग भिंती फारशा नाहीत. मिक्समधली गिटार तळमजल्याच्या चौकात ठेवलेल्या पॉवर्ड स्पीकरमधून वाजवा आणि स्पीकरचे तोंड भिंतीकडे करा, म्हणजे थेट आवाज माइककडे जाणार नाही. माइक दीड-दोन मजले वर, खालच्या दिशेला पाठ करून उभा करा. आवाज फार मोठा ठेवण्याची गरज नसते; पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या वर राहील एवढा पुरतो. सोसायटीची परवानगी घ्या, आणि दुपारी जिन्यातली ये-जा कमी असते तेव्हा गाणे सलग दोनदा रेकॉर्ड करा, म्हणजे मध्ये कुणाचे दार वाजले तरी दुसऱ्या टेकमधून तेवढा तुकडा घेता येतो. दुसऱ्या टेकला माइक थोडा हलवला तर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा स्टिरिओ रिव्हर्बही मिळतो.

ज्यांना एवढी यातायात नको त्यांनी त्याच जागी फुगा फोडून तो आवाज रेकॉर्ड करावा, सुरुवातीची मोकळी जागा कापून टाकावी आणि ती फाइल कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (रेकॉर्ड केलेल्या जागेचा घुमारा दुसऱ्या आवाजाला देणाऱ्या प्लगइनमध्ये) भरावी. फुग्याच्या आवाजात खालच्या पट्टीची ताकद कमी असते, पण गिटारच्या रिव्हर्बमधून आपण ती पट्टी तशीही काढणार आहोत. चार मजली इमारतीच्या जिन्याची टेल रिदम गिटारला लांब पडेल. प्लगइनमध्ये ती पाऊण सेकंदाच्या आसपास उतरती करून घ्या. सुरुवातीचा खरा, अनियमित पोत तेवढ्यातही शिल्लक राहतो, आणि माझ्या कानाला तो विकतच्या बहुतेक प्रीसेटांपेक्षा गिटारवर जास्त शोभतो.

मिक्समध्ये कोणता प्रकार निवडावा याचे उत्तर गिटार काय करते आहे यावर ठरते. रिदम गिटारला स्वतःची जागा हवी असते, लांबी नको असते. म्हणून तिला ०.४ ते ०.८ सेकंदाचा रूम किंवा छोटे चेंबर. सोलोला लांबी हवी असते पण मागे जाणे परवडत नाही. म्हणून तिला प्लेट. प्लेटचे हे वैशिष्ट्य तिच्या घडणीतून येते. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या ईएमटी १४० मध्ये सुमारे दोन मीटर बाय एक मीटर आकाराचा आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला असे, आणि संपूर्ण यंत्राचे वजन २७० किलोच्या आसपास जाई. पत्र्यात वाकण्याच्या लहरी धावतात आणि त्यांतल्या उंच कंपनांच्या लहरी खालच्या कंपनांपेक्षा वेगाने पोचतात. खोलीत जसे भिंतीवरून सुटे सुटे प्रतिध्वनी आधी येतात तसे प्लेटमध्ये येत नाहीत, घुमारा जवळजवळ लगेच दाट होतो. भिंतींची खूण नसल्यामुळे कानाला जागेचे अंतर वाटत नाही, केवळ स्वर लांबल्यासारखा वाटतो. हॉल हा प्रकार मी डिस्टॉर्शनच्या रिदमवर वापरत नाही. क्लीन गिटारच्या सुट्या, संथ स्वरमालेवर मात्र तो फुलतो.

डिजिटल रिव्हर्बमधल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. १९७८ च्या लेक्झिकॉन २२४ पासून अनेक यंत्रांत टेलला हलकेसे डोलवण्याची सोय असते, आणि त्यांच्या धर्तीवरच्या प्लगइनमध्ये ती मॉड्युलेशन नावाने येते. क्लीन गिटारवर हे डोलणे मोहक वाटते. डिस्टॉर्शनच्या पॉवर कॉर्डवर तेच टेलला किंचित बेसूर करते, आणि आधीच उपस्वरांनी भरलेल्या आवाजात ते अस्पष्टपणाच्या रूपात जाणवते. रिदम गिटारच्या रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन शून्याजवळ आणा; बऱ्याचदा एवढ्यानेच आवाजातला गढूळपणा निम्म्याने कमी होतो.

रिव्हर्ब नेहमी सेंडवर घ्या, म्हणजे गिटारच्या आवाजाची एक प्रत वेगळ्या चॅनलला पाठवून; ट्रॅकवर थेट नको. त्या वेगळ्या चॅनलवर, म्हणजे ऑक्सवर, रिव्हर्ब पूर्ण वेट (मूळ आवाजाविना फक्त घुमारा) ठेवून बसवला की त्याच्या आधी इक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारे साधन) लावता येतो, आणि गिटारसाठी हा इक्यू रिव्हर्बच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओमध्ये रिव्हर्बला जाणाऱ्या आवाजातून ६०० हर्ट्झच्या खालचा आणि १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. डिस्टॉर्शनच्या गिटारसाठी खालची सीमा ३०० ते ६०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा, म्हणजे पाम-म्यूटचा धक्का रिव्हर्बमध्ये जाऊन बास गिटारवर पसरणार नाही. वरची सीमा मात्र १० किलोहर्ट्झपेक्षा बरीच खाली, ४ ते ५ किलोहर्ट्झवर आणा, कारण त्याच्या वर डिस्टॉर्शनची केवळ खसखस असते आणि ती टेलमध्ये लांबली की झांजांशी भांडते. गायकाची व्यंजने झाकली जात असतील तर २ ते ३ किलोहर्ट्झच्या भागात दोन-तीन डेसिबलची उतरणही द्या.

प्रीडिलेचे काम थेट आवाज आणि घुमारा यांच्यामध्ये फट ठेवण्याचे आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या संशोधनात दाखवले की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत येणारा दुसरा आवाज कान वेगळा मोजत नाही, पहिल्यातच मिसळून घेतो. रिदमच्या छोट्या रूमला १० ते २० मिलिसेकंद पुरतात. सोलोच्या प्लेटला मात्र ४० ते ८० मिलिसेकंदांचा प्रीडिले दिला की पिकचा आघात मोकळा राहतो आणि गिटार पुढेच उभी राहते. १२० बीपीएमला बीटचा सोळावा भाग सुमारे ३१ आणि आठवा भाग सुमारे ६२ मिलिसेकंदांचा होतो. सुरुवात तिथून करा आणि पुढे कानाने ठरवा.

यानंतरही विराम भरल्यासारखे वाटत असतील, तर रिव्हर्बच्या रिटर्नवर (ऑक्समधून परत येणाऱ्या घुमाऱ्यावर) एक कॉम्प्रेसर (आवाज दाबणारे साधन) लावून त्याच्या साइडचेनला, म्हणजे कधी दाबायचे हे ठरवणाऱ्या इनपुटला, कोरी गिटार जोडा. चारास एक गुणोत्तर, जलद अ‍ॅटॅक, १५० ते २५० मिलिसेकंदांचा रिलीज आणि गिटार वाजताना सहा-आठ डेसिबलचा दाब ठेवा. डिस्टॉर्शनची गिटार एकाच पातळीवर वाजत असल्यामुळे हा कॉम्प्रेसर तिच्यावर फार सरळपणे चालतो: कॉर्ड चालू आहे तोवर रिव्हर्ब दबलेला, आणि कॉर्ड सुटला की तो हळूच वर येतो. तुटक रिफमध्ये रिलीज इतका लांबवा की छोट्या विरामांत तो वर यायलाच वेळ मिळू नये आणि फक्त ओळीच्या शेवटी तो मोकळा व्हावा. क्लीन गिटारवर हीच योजना धडधडल्यासारखी ऐकू येते, तिथे ती टाळा. ज्यांना साइडचेनचा खटाटोप नको त्यांनी सेंडचे ऑटोमेशन करावे: रिफभर सेंड खाली, आणि कोरसच्या आधीच्या शेवटच्या कॉर्डवर वर. मला स्वतःला हा हाताने केलेला मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात प्रत्येक टेल मुद्दाम सोडलेली असते.

पॅनिंगच्या बाबतीत, दोन रिदम गिटार पूर्ण डावी-उजवीकडे ठेवून दोघींना एकाच स्टिरिओ रिव्हर्बमध्ये पाठवणे ही सर्रास होणारी गोष्ट आहे. पण अनेक रिव्हर्ब आत येणारा आवाज एकत्र करून मगच पसरवतात. त्यामुळे दोन्ही गिटारचा घुमारा मधल्या जागेत, नेमका गायकाच्या मागे, गोळा होतो आणि मेहनतीने मिळवलेली रुंदी आक्रसते. त्यापेक्षा दोन मोनो रिव्हर्ब घ्या आणि प्रत्येक गिटारचा रिव्हर्ब तिच्याच बाजूला ठेवा. दोन्हींच्या डीकेमध्ये किंवा प्रीडिलेमध्ये थोडा फरक केला तर बाजू आणखी वेगळ्या वाटतात.

एकच गिटार असेल तर रिव्हर्ब तिच्या विरुद्ध बाजूला देता येतो. टेड टेम्पलमन निर्माते आणि डॉन लँडी ध्वनिमुद्रक असलेल्या व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये एडी व्हॅन हेलनची गिटार मुख्यतः डाव्या स्पीकरमध्ये आहे आणि तिचा घुमारा उजव्या. हेडफोन लावून हा अल्बम ऐकताना गिटार थांबते त्या क्षणी उजवीकडे लक्ष द्या. थेट आवाज आणि रिव्हर्ब एकमेकांच्या अंगावर पडत नसल्यामुळे भरपूर रिव्हर्ब असूनही पिकचा प्रत्येक आघात स्वच्छ राहतो, आणि एकच गिटार संपूर्ण जागा व्यापते. लगेच त्यानंतर एसी/डीसीचा १९८० चा ‘बॅक इन ब्लॅक’ ऐका, जो बहामाजमधल्या नॅसाऊ शहरातील कंपास पॉइंट स्टुडिओत मट लँग यांच्या देखरेखीखाली रेकॉर्ड झाला. तिथे गिटारमागे टेल जवळपास जाणवतच नाही, हवेचा आणि जागेचा अंदाज मात्र येतो. शीर्षक गीताच्या रिफमधले विराम इतके मोकळे आहेत की त्यांत हाय-हॅट सुटा ऐकू येतो. दोन्ही अल्बम रॉक गिटारचे आदर्श मानले जातात आणि रिव्हर्बच्या बाबतीत ते दोन टोकांना आहेत. तुमच्या दोन गिटारच्या, तुटक रिफच्या गाण्याला दुसऱ्याची वाट जास्त जुळेल असे मला वाटते.

सोलोसाठी रिव्हर्बच्या आधी डिलेचा विचार करा. डिलेचे प्रतिध्वनी सुटे असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहते, त्यामुळे गिटारला खोलपणा मिळूनही बाकीच्या वाद्यांची अडवणूक होत नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बिन्सन इकोरेक या इटालियन इको यंत्राचा अशाच कामासाठी भरपूर उपयोग केला. त्याचा चुंबकीय ड्रमवरून येणारा प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा मवाळ असे. तुमच्या सोलोला ३५० ते ४५० मिलिसेकंदांचा डिले द्या, त्याच्या वरच्या टोकाला ३ किलोहर्ट्झच्या आसपास कापा, प्रतिध्वनी दोन-तीनच ठेवा आणि प्लेटमध्ये गिटार न पाठवता फक्त हा डिले पाठवा. मूळ गिटार कोरी आणि जवळ राहते, आणि तिच्या मागे जे लांबते तेच घुमते.

अ‍ॅम्प सिम्युलेटरवर तयार केलेल्या ट्रॅकना एक जास्तीची पायरी लागते. जवळच्या माइकचा कॅबिनेट इम्पल्स (स्पीकर-पेटीच्या आवाजाची रेकॉर्ड केलेली छाप) घेतला असेल तर त्यात खोलीचा घुमारा अजिबात नसतो, आणि अ‍ॅम्पला माइक लावून घेतलेल्या ट्रॅकशेजारी तो उघडा पडतो. अशा ट्रॅकला आधी फक्त सुरुवातीचे प्रतिध्वनी देणारा, टेल नसलेला ०.३ सेकंदाचा रूम द्या आणि मगच दोन्ही गिटारना एकाच प्रकारचा रिव्हर्ब लावा. सिम्युलेटरच्या आतला रिव्हर्ब प्रीसेटसोबत आपोआप चालू झालेला असतो, तो बंद आहे का हे आधी पाहून घ्या.

शेवटी तपासणी. मिक्स मोनो करून ऐका. विरुद्ध बाजूला दिलेला रिव्हर्ब मोनोमध्ये गिटारवरच येऊन बसतो, आणि तेव्हाही विराम मोकळे राहिले पाहिजेत. आवाज अगदी लहान करूनही ऐका, कारण त्या पातळीवर गिटार मागे गेली असेल तर ते लगेच कळते. आणि मास्टर चॅनलवर तात्पुरता लिमिटर लावून, चार-पाच डेसिबल दाबून, तेच तुटक रिफचे दोन बार पुन्हा ऐका. मास्टरिंगमध्ये (मिक्सवरच्या शेवटच्या प्रक्रियेत) माथे दाबले जातात आणि टेल तुलनेने वर येतात; लिमिटरशिवाय अचूक वाटणारा रिव्हर्ब त्यानंतर जास्त होतो. फरक जाणवला तर रिव्हर्बचे रिटर्न एक-दोन डेसिबल खाली घ्या, आणि मास्टरिंगला पाठवताना गिटारच्या रिव्हर्बचा स्टेम (सुटी फाइल) कोऱ्या गिटारपासून वेगळा द्या, म्हणजे तिथे गरज पडली तर संपूर्ण मिक्स पुन्हा न उघडता तेवढाच भाग खाली करता येईल.